घोड्याची झूल आणि उणे पंधराचा आकडा

थंडीत घोड्याच्या अंगावर कोणती झूल घालावी? युरोप-अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर एका तक्त्यात मिळतं. बाहेर अमुक तापमान असेल तर इतक्या ग्रॅमची झूल, त्याखाली गेलं तर तितक्या ग्रॅमची. घोडे पाळणारे लोक असे तक्ते तबेल्याच्या भिंतीवर लावून ठेवतात. वाचायला सोपं, वापरायला सोपं. पण त्या तक्त्यातली तापमानाची रेघ नेमकी कुठून आली हे शोधायला गेलं, की आपण शंभर-दीडशे वर्षं मागे जातो आणि शरीरशास्त्रातल्या एका फार सुंदर वादात जाऊन पडतो.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी मी हा विषय मुद्दाम निवडलाय. प्रस्ताव लिहिताना आपण सगळे एक काम हमखास करतो, ते म्हणजे दुसऱ्याने मोजलेला आकडा उचलून आपल्या पानावर ठेवणं. आकडा येतो, पण तो ज्या अटींवर मोजला गेला त्या अटी मूळ पेपरमध्येच राहून जातात. झुलीच्या इतिहासात हे अगदी उघड दिसतं, आणि त्याची किंमत काही वेळा जनावरांनी जिवानिशी मोजली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मराठीत झूल म्हटलं की पोळ्याचा बैल किंवा मिरवणुकीतला घोडा डोळ्यांपुढे येतो. इथे झूल म्हणजे थंडी-पावसात घोड्याला पांघरायचं, छातीशी आणि पोटाखाली पट्ट्यांनी बांधायचं उबदार पांघरूण.

आधी केस कातरले, मग झूल आली

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तबेला उबदार ठेवायचा म्हणजे दारं-खिडक्या बंद ठेवायच्या, अशी सर्रास समजूत होती. उबेत ठेवलेल्या घोड्याचे केस आखूड आणि चकचकीत दिसतात, आणि चकचकीत घोडा म्हणजे निरोगी घोडा, असा हिशोब. लंडनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुख एडवर्ड कोलमन १७९६ मध्ये ब्रिटिश सैन्याचे मुख्य पशुवैद्य झाले, आणि त्यांनी घोडदळाच्या तबेल्यांत हवा खेळती ठेवण्याचा आग्रह धरला. कोंदट हवेत घोड्यांचे आजार पसरतात, हा त्यांचा मुद्दा. माणसाला जे उबदार आणि छान वाटतं ते घोड्याला चांगलंच असेल असं नाही, हे तेव्हापासून कोणीतरी सांगतंय.

एकोणिसाव्या शतकात आणखी एक पद्धत रुळली. शिकारीच्या आणि गाडीच्या घोड्यांचे हिवाळी केस कातरून टाकायचे. यामागचं कारण पटण्यासारखं होतं. दाट केसांचा घोडा जोरात पळवला की घामाने निथळतो, ते केस लवकर सुकत नाहीत, आणि काम संपल्यावर ओल्या अंगाने उभा राहिलेला घोडा गारठतो. कातरलेला घोडा पटकन सुकतो, खराराही सोपा जातो. पण काम नसेल तेव्हा त्याच्या अंगावर काही उरत नाही. म्हणून झूल.

हा क्रम लक्षात ठेवा. आधुनिक उबदार झुलीचं मोठं काम होतं आपणच काढून टाकलेल्या केसांची भरपाई करणं. त्यामुळे झूल निवडताना पहिला प्रश्न तापमानाचा येतच नाही. पहिला प्रश्न असतो: या घोड्याचे केस जागेवर आहेत का?

१९१७ चा हिवाळा

हा प्रश्न न विचारल्याने काय होतं, ते पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवर दिसलं. ब्रिटिश सैन्याकडे लाखो घोडे आणि खेचरं होती. दाटीवाटीने बांधलेल्या जनावरांत खरूज पसरली होती. खरजेचे किडे दाट केसांत लपतात आणि औषध कातडीपर्यंत पोचत नाही, म्हणून केस कातरण्याचे हुकूम निघाले. खरजेपुरतं बघितलं तर निर्णय बरोबर होता.

मग १९१६-१७ चा हिवाळा आला. कडाक्याचा आणि लांबलेला. ९ एप्रिल १९१७ रोजी आरासची लढाई सुरू झाली तेव्हाही तिथे बर्फ पडत होतं. घोडे उघड्यावर, गुडघाभर चिखलात, दाण्याची चंदी कमी केलेली, काम मात्र वाढलेलं, आणि अंगावरचे केस कातरलेले. थंडीने आणि अशक्तपणाने घोडे मोठ्या संख्येने मेले. पुढे सरसकट पूर्ण अंग कातरण्याचं धोरण बदलावं लागलं. त्या युद्धात ब्रिटिशांची जी जनावरं गेली, त्यांत प्रत्यक्ष शत्रूच्या माऱ्याने मेलेल्यांपेक्षा आजार, थकवा, उपासमार आणि थंडी यांनी मेलेली कितीतरी जास्त होती.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर इथे चार घटक एकाच वेळी बदलले: केस, ओल, चारा आणि श्रम. कोणी ठरवून केलेला प्रयोग नव्हता हा, त्यामुळे कोणत्या घटकाचा वाटा किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. पण एक धडा मिळाला. थंडीचा परिणाम एकट्या थर्मामीटरवर वाचता येत नाही. आता हे मोजायचं कसं, याचं उत्तर घोड्यांच्या तबेल्याबाहेर तयार होत होतं.

ध्रुवाजवळचे कोल्हे आणि एक मोडलेली रेघ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स रुबनर यांनी प्राण्यांच्या उष्णता-नियंत्रणाचे दोन भाग पाडले. पहिला भाग फुकटातला: केस उभे करणं, कातडीकडचं रक्त कमी करणं, अंग आकसून बसणं. दुसरा भाग पैसे मोजून: जास्त इंधन जाळणं. हवा गार होत जाते तसा प्राणी आधी फुकटचे उपाय वापरतो. ते संपले की चयापचयाचा वेग वाढवतो.

१९५० मध्ये प्येर शोलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या पॉइंट बॅरो इथे केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यांनी ध्रुवीय आणि उष्णकटिबंधीय प्राणी वेगवेगळ्या तापमानात ठेवून त्यांचा चयापचय मोजला. आलेख काढला तर एक आडवी रेघ मिळते: तापमान उतरतंय, तरी इंधनाचा खर्च तेवढाच. मग एका ठिकाणी रेघ मोडते आणि खर्च चढायला लागतो. जिथे रेघ मोडते त्या तापमानाला लोअर क्रिटिकल टेंपरेचर म्हणतात. आपण त्याला इथे ‘खालची सीमा’ म्हणू. ध्रुवीय कोल्ह्याची खालची सीमा उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास निघाली. कपड्यांशिवाय बसलेल्या माणसाची असते साधारण २८ अंश.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आपण मुळात उष्ण प्रदेशातला प्राणी आहोत. १५ अंशांत स्वेटर घालून तबेल्यात शिरणारा माणूस घोड्याकडे बघून ‘बिचारा गारठला असेल’ म्हणतो, तेव्हा तो आपली २८ ची सीमा घोड्याला लावत असतो.

थोडं गणित करू, कागद-पेन्सिलीने होण्यासारखं आहे. माक्स क्लायबर यांच्या नियमानुसार प्राण्याचा मूळ चयापचय, किलोकॅलरी प्रति दिवस, हा साधारण ७० गुणिले वजनाचा ०.७५ वा घात इतका असतो. ५०० किलोच्या घोड्यासाठी हा आकडा सुमारे ७,४०० येतो, म्हणजे जवळपास ३६० वॅट. ७० किलोच्या माणसासाठी सुमारे ८२ वॅट. आता हे त्वचेच्या क्षेत्रफळावर वाटा: घोड्याचं सुमारे ५ चौरस मीटर, माणसाचं सुमारे १.८. घोड्याला दर चौरस मीटरमागे ७० वॅटच्या वर मिळतात, माणसाला ४५ च्या आसपास. वर घोड्याला केसांचा कोट आहे. शिवाय त्याच्या मोठ्या आतड्यात वाळक्या गवतावर जिवाणू काम करत असतात आणि त्या आंबण्यातून सतत उष्णता निघते. थंडीच्या रात्री भरपूर वाळकं गवत खाणारा घोडा पोटात शेगडी घेऊन उभा असतो म्हणा ना.

उणे १५ की अधिक ५?

मग घोड्याची खालची सीमा किती? इथे गोष्ट रंगते.

१९८५ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टातल्या मॅकब्राइड, क्रिस्टोफरसन आणि सॉअर यांनी हिवाळ्याला सरावलेल्या प्रौढ घोड्यांचा चयापचय मोजला आणि खालची सीमा उणे १५ अंशांच्या आसपास दिली. १९९८ मध्ये स्वीडनच्या कारिन मॉर्गन यांनी घोड्यांचा आरामाचा पट्टा, म्हणजे थर्मोन्यूट्रल झोन, ५ ते २५ अंश असा मांडला. म्हणजे खालची सीमा अधिक ५.

प्राणी एकच, मोजायची राशी एकच, आणि फरक २० अंशांचा! पहिल्यांदा असं काही वाचलं की ‘यातलं कोण चुकलं?’ असा प्रश्न मनात येतो. इथे कोणीच चुकलेलं नाही. कॅनडातले घोडे तिथल्या थंडीला हळूहळू सरावले होते. स्वीडनचे घोडे तुलनेने सौम्य हवामानातले, आत तबेल्यात राहणारे होते. खालची सीमा ही ‘घोडा’ या जातीच्या अंगावर छापलेली किंमत नाही. केस किती, चरबी किती, खायला काय, आणि गेले काही आठवडे जनावर कुठे राहिलं, यावर ती ठरते. तोच घोडा ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत दोन वेगळ्या सीमांचा असू शकतो.

हा फरक नुसता पुस्तकी आहे असं वाटत असेल तर आहाराचा हिशोब बघा. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या घोड्यांच्या आहाराविषयीच्या पुस्तकात एक ढोबळ नियम आहे: प्रौढ घोड्याला खालच्या सीमेखाली दर एका अंशाला सुमारे २.५ टक्के जास्त ऊर्जा लागते. समजा बाहेर उणे १० आहे. सीमा ५ धरली तर १५ अंशांचा फरक, म्हणजे ३७.५ टक्के जास्त चारा. सीमा उणे १५ धरली तर एक काडीही जास्त नको. तापमान तेच, सूत्र तेच, उत्तर मात्र ‘चारा तिपटीच्या वाटेने वाढवा’ नसलं तरी ‘एक तृतीयांशाहून जास्त वाढवा’ आणि ‘काहीच करू नका’ इतकं वेगळं. कोणता पेपर उद्धृत केला यावर जनावर जाड होणार की रोड होणार हे ठरतं.

केसांबद्दल एक मुद्दा. हिवाळी केस प्रामुख्याने दिवसाच्या लांबीवर वाढतात-गळतात. १९७५ मध्ये कूइस्ट्रा आणि गिंथर यांनी घोड्यांना कृत्रिम प्रकाशात ठेवून प्रकाशाच्या तासांचा केसांवर होणारा परिणाम दाखवला. त्यामुळे थंडी पडायच्या कितीतरी आधी, दिवस लहान व्हायला लागले की घोड्याच्या अंगात हिवाळ्याची तयारी सुरू होते. कातरलं नाही तर हा कोट आपोआप मिळतो, आणि तो मोजूनमापून बदलतोही, कारण केस उभे-आडवे होतात आणि त्यांत अडकलेल्या हवेचा थर जाड-पातळ होतो. यात दोन गोष्टी घोटाळा करतात. एक म्हणजे पाणी. पाणी हवेपेक्षा जवळपास २५ पट चांगलं उष्णतावाहक, त्यामुळे कोट भिजून चिकटला की त्याचा उपयोग संपत येतो. दुसरी म्हणजे पातळ झूल. ती केस दाबून बसवते, आणि दाबलेल्या केसांत हवा कमी राहते. घोड्याची फुकटातली सोय काढून घेतली आणि बदल्यात पुरेसं काही दिलं नाही, असं होऊ शकतं.

ग्रॅम, डेनिअर आणि नसलेलं एकक

विज्ञान शाखेच्या वाचकांना हा भाग आवडेल. आजच्या झुलीवर दोन आकडे छापलेले असतात. डेनिअर आणि ग्रॅम.

डेनिअर हे धाग्याचं माप. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. रेशमाच्या व्यापारातून आलेलं हे माप बाहेरच्या कापडाचा दणकटपणा सुचवतं. १,२०० डेनिअरची झूल कुंपणाला घासून सहजी फाटणार नाही. पण ती उबदार आहे का, हे त्यातून कळत नाही. ग्रॅम म्हणजे आतल्या भरणाचं दर चौरस मीटरमागचं वजन: ०, २००, ३००, ४००. हा आकडा उबेच्या जवळ जातो, पण तो वजनाचा आहे. ऊब मिळते अडकलेल्या हवेतून, आणि एकाच वजनाचं भरण किती फुगतं, किती हवा धरतं, हे तंतूवर अवलंबून. जुनी, दबलेली २०० ग्रॅमची झूल अजूनही २०० ग्रॅमचीच असते.

माणसांच्या कपड्यांसाठी हा प्रश्न १९४१ मध्येच सोडवला गेला. गॅगी, बर्टन आणि बॅझेट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ‘क्लो’ हे एकक सुचवलं. २१ अंशांच्या, जवळजवळ स्थिर हवेच्या खोलीत बसलेल्या माणसाला आरामात ठेवेल इतका उष्णतारोध म्हणजे १ क्लो. आज ते ०.१५५ चौरस मीटर केल्व्हिन प्रति वॅट असं धरतात. म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं: उष्णता किती अडते. झुलीवरचा ग्रॅमचा आकडा त्याच्याऐवजी उभा केलेला प्रतिनिधी आहे. आपल्या प्रत्येकाच्या विषयात असे प्रतिनिधी असतात. मोजायला सोपे म्हणून वापरलेले आणि वापरून वापरून खरे वाटायला लागलेले.

घोड्यालाच विचारलं तर?

आतापर्यंतच्या सगळ्या मापांत एक गोष्ट सुटते. चयापचय वाढला नाही म्हणजे घोड्याला बरं वाटतंय, असं सिद्ध होत नाही. ते विचारायचं कोणाला?

२०१६ मध्ये नॉर्वेच्या सेसिलिए मेय्डेल आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. त्यांनी २३ घोड्यांना तीन चिन्हांच्या फळ्या ओळखायला शिकवल्या: ‘झूल घाला’, ‘झूल काढा’ आणि ‘आहे तसंच राहू द्या’. रोज १० ते १५ मिनिटं शिकवणी, बरोबर केलं की बक्षीस. १४ दिवसांच्या आत सगळेच्या सगळे २३ घोडे शिकले. मग वेगवेगळ्या हवामानात त्यांना निवड करू दिली. छान हवेत त्यांनी झुलीशिवाय राहणं पसंत केलं, आणि पाऊस, वारा, गारठा एकत्र असताना झूल मागितली.

हा पेपर वाचताना आणखी एका घोड्याची आठवण ठेवायला हवी. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजत होता. उत्तराइतक्या वेळा खूर आपटायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्सला काही येत नाही. तो माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. म्हणून घोड्याच्या निवडीवरचा कोणताही प्रयोग हातात घेतलात तर हा प्रश्न सोबत ठेवा: पाऊस पडतोय हे शेजारी उभ्या माणसालाही दिसतंय, मग त्याच्या अपेक्षेचा परिणाम वेगळा कसा काढला? पद्धतीचा विभाग वाचायचा तो यासाठी.

मग झूल कोणती?

या सगळ्यातून निवडीचा एक क्रम मिळतो. आधी घोडा बघायचा: केस कातरलेले आहेत का, म्हातारा, आजारी, रोड किंवा अगदी लहान आहे का. मग हवा: पाऊस आणि वारा यांच्यापासून आडोसा आहे का. मग पोट: वाळकं गवत पुरेसं आहे का. धडधाकट, कातरलेला नसलेला, आडोसा आणि चारा मिळणारा घोडा कोरड्या थंडीत बऱ्याचदा झुलीशिवाय मजेत राहतो. पावसात आधी पाणी अडवणारी झूल हवी, भरण नंतर. आणि झूल घातली तर रोज तिच्याखाली हात घालून बघायचं. घाम लागला तर झूल जास्त झाली. घोड्याला ती स्वतः काढता येत नाही, हे विसरायचं नाही. बाहेरच्या तापमानाची रेघ या सगळ्यानंतर येते.

आता आपल्याकडे या. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला, म्हणजे ऐन डिसेंबरात, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लांबलांबून आलेले घोडे रात्री उघड्यावर बांधलेले असतात. दुपारी ऊन, पहाटे गारठा. या घोड्यांना कॅनडाचा उणे १५ लावायचा की स्वीडनचा ५? कोणताही उचलून लावला तर आपण १९१७ च्या हुकमासारखंच करतो. कुठेतरी बरोबर असलेली गोष्ट तिच्या अटी सोडून दुसरीकडे नेतो. आखूड केसांचा, उष्ण प्रदेशात वाढलेला, प्रवासाने थकलेला घोडा हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो मोजण्यासारखा आहे.

जाता जाता एक गृहपाठ. तुमच्या विषयातला असा एक आकडा घ्या जो सगळे न विचारता वापरतात. तो पहिल्यांदा मोजला गेला तो पेपर शोधा. कोणावर मोजला, कुठे, कोणत्या ऋतूत, आणि थेट मोजला की प्रतिनिधीमार्फत, हे चार रकान्यांत लिहा. मग त्याच राशीचा दुसरा, न जुळणारा आकडा शोधा आणि त्याचेही चार रकाने भरा. ज्या रकान्यात दोघांचा फरक दिसेल, तिथे बऱ्याचदा तुमचा संशोधनाचा प्रश्न सापडतो.